कामगाराच्या बोटांची किंमत कोण चुकवतो?

खंडेनवमीच्या सकाळी भोसरी, चाकण, सातपूर, वाळूज, बुटीबोरी अशा कोणत्याही औद्योगिक वसाहतीत फेरी मारली, तर एक प्रसन्न दृश्य दिसते. शेड धुऊन काढलेली असते. यंत्रांवरचे तेलाचे डाग पुसलेले असतात. लेथला, ड्रिलला, पॉवर प्रेसला झेंडूच्या माळा घातलेल्या असतात आणि लोखंडी अंगावर हळदकुंकवाची बोटे उमटलेली असतात. मालक सपत्नीक पूजा करतो, नारळ फुटतो, कामगारांच्या हाती पेढे आणि पाकीट पडते. यंत्राला देवत्व देणारी ही परंपरा जगात अन्यत्र क्वचितच आढळेल. तिचा अभिमान बाळगावा तेवढा थोडाच आहे.

दसऱ्याची सुट्टी संपते आणि पहिली पाळी सुरू होते. मग त्याच पॉवर प्रेसच्या तोंडाशी बसवलेली संरक्षक जाळी अनेक शेडमध्ये काढून ठेवली जाते, कारण तिच्यामुळे प्रत्येक जॉबमागे काही सेकंद वाया जातात. दोन्ही हातांनी दोन बटणे दाबल्याखेरीज प्रेस खाली येऊ नये, अशी रचना यंत्र बनवणाऱ्याने केलेली असते. त्यातले एक बटण चिकटपट्टीने बांधून टाकले जाते, किंवा बटणांऐवजी पायाचे पॅडल जोडले जाते. एक हात मोकळा झाला की जॉब भरभर निघतात. पाळीच्या शेवटच्या तासाला, थकलेल्या शरीराने, तो मोकळा हात एकदा डायच्या आत राहतो. कुंकवाची बोटे ज्या यंत्रावर उमटली होती, त्याच यंत्राखाली माणसाची बोटे तुटून पडतात.

पूजा खरी होती की जाळी काढणे खरे होते, हा प्रश्न हिंदू म्हणवणाऱ्या प्रत्येक उद्योजकाने स्वतःला विचारला पाहिजे.

‘व्यवस्थापन’ नावाचे स्थलांतर

गेल्या काही वर्षांत उद्योगजगतात एक नवी परिभाषा रूढ झाली आहे. पंचतारांकित सभागृहांत सल्लागार मंडळी कारखानदारांना ‘कर्मचारी लाभांच्या खर्चाचे व्यवस्थापन’ शिकवतात. भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, कामगार विमा, अपघाताची नुकसानभरपाई ही सारी ताळेबंदातील खर्चाची एक ओळ. ती ओळ आखूड कशी करायची, याचे ते शास्त्र. खर्चावर नजर ठेवणे हे उद्योजकाचे कर्तव्यच आहे, त्यात गैर काही नाही. परंतु या शास्त्रातील बहुतेक युक्त्यांनी खर्च कमी होत नाही. तो केवळ एकाच्या खांद्यावरून उतरून दुसऱ्याच्या खांद्यावर जातो, आणि दुसरा खांदा नेहमी अधिक दुबळ्याचा असतो.

पहिली युक्ती कंत्राटाची. वार्षिक उद्योग पाहणीनुसार २०२२-२३ मध्ये देशातील संघटित कारखान्यांतल्या दर शंभर कामगारांपैकी चाळीसहून अधिक कंत्राटी होते. तेच यंत्र, तीच पाळी, तेच काम. पण हजेरीपट वेगळा. या कामगारावर होणारा खर्च बहुधा ‘कर्मचारी लाभ’ या शीर्षकाखाली येतच नाही, तो ‘इतर खर्चा’त विरघळतो. कागदोपत्री तो कंपनीचा माणूसच नसतो. वास्तविक कायद्याला हा आडपडदा कधीच मान्य नव्हता. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या बाराव्या कलमानेच मुख्य मालकाला कंत्राटदाराच्या कामगारासाठी जबाबदार धरले होते. पण नांदेड किंवा बीडहून आलेल्या, प्रवेशद्वारावरील पासाखेरीज कसलाही कागद हाती नसलेल्या तरुणाला हे कलम सांगणार कोण?

दुसरी युक्ती उशिरा नोंदणीची. कामगार राज्य विमा योजनेत कामाच्या जागी झालेल्या इजेसाठी पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे, त्यासाठी आधी अमुक महिने वर्गणी भरलेली असावी अशी अट नाही. कायद्याने ही उदारता कामगारासाठी दाखवली; तिचा लाभ धूर्त मालकाने उचलला. कामगार कित्येक महिने विनानोंद राबतो. ज्या दिवशी बोट तुटते, त्या दिवशी संगणकावर त्याची नोंदणी होते आणि रुजू झाल्याची तारीखही त्याच आठवड्यातली पडते. वाहन उद्योगातील जखमी कामगारांमध्ये काम करणाऱ्या ‘सेफ इन इंडिया’ या संस्थेच्या अहवालांनी हा प्रकार वारंवार उजेडात आणला आहे. मालकाने वाचवलेली वर्गणी मालकाच्या खिशात आणि जन्मभराचे निवृत्तिवेतन विमा निधीच्या माथी. हा निधी सरकारच्या तिजोरीतून येत नाही. तो प्रामाणिक कारखान्यांच्या आणि कोट्यवधी कामगारांच्या वर्गणीतून उभा राहतो. म्हणजे अप्रामाणिक मालकाच्या अपघाताचे बिल प्रामाणिक मालक फेडतो.

तिसरी युक्ती सर्वांत निर्दय. अपघात झालाच नाही, असे दाखवायचे. जखमीला कारखान्याच्या ओळखीच्या खासगी दवाखान्यात न्यायचे, टाके घालायचे, हातावर काही हजार रुपये ठेवायचे आणि बरा झाला की गावी पाठवायचे. देशातील नोंदणीकृत कारखान्यांत २०१७ ते २०२० या काळात सरासरी दररोज तीन कामगार मृत्युमुखी पडल्याचे सरकारी आकडे सांगतात. मृत्यू लपवणे कठीण असते. तुटलेले बोट लपवणे किती सोपे असते, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

कायद्याचे गणित

बोटाची किंमत कायद्याने ठरवलेली आहे. संपूर्ण तर्जनी गमावल्यास कमाईच्या क्षमतेत १४ टक्के घट धरली जाते, अंगठ्यासाठी ३० टक्के, एका हाताच्या चारही बोटांसाठी ५० टक्के. २५ वर्षांच्या कामगारासाठी वयाचा गुणांक २१६.९१ आहे. जानेवारी २०२० मध्ये हिशेबासाठी मासिक वेतनाची मर्यादा ८,००० वरून १५,००० रुपयांवर नेण्यात आली. त्या मर्यादेने गणित मांडले, तर या तरुणाच्या तर्जनीची भरपाई सुमारे २ लाख ७३ हजार रुपये होते. तोच कामगार विमा योजनेत असेल आणि त्याचे वेतन १५,००० असेल, तर वेतनाच्या ९० टक्क्यांच्या १४ टक्के, म्हणजे महिना साधारण १,८९० रुपये त्याला जन्मभर मिळतील.

आता यात मालकाने किती मोजले? विमा योजना लागू असलेल्या कारखान्यात इजेची भरपाई योजनाच देते. मालकाची वेगळी देणेदारी उरत नाही. मालकाची वर्गणी १ जुलै २०१९ पासून वेतनाच्या ३.२५ टक्के झाली, पूर्वी ती ४.७५ टक्के होती. ज्या कारखान्यात वर्षानुवर्षे एकही इजा होत नाही त्यालाही ३.२५ टक्के, आणि ज्याच्या शेडमध्ये दर दोन महिन्यांनी कोणाची तरी बोटे तुटतात त्यालाही ३.२५ टक्के. वाहन विम्यात अपघात न करणाऱ्याला सवलत मिळते, हे मध्यमवर्गीय कुटुंबातील प्रत्येकाला ठाऊक आहे. स्कूटरला लावलेला हा साधा न्याय माणसाच्या हाताला मात्र लावलेला नाही. या व्यवस्थेत जाळी काढणाऱ्याला फायदा आहे आणि जाळी बसवणाऱ्याला भुर्दंड. मग जाळी निघते यात नवल ते काय?

पाश्चात्त्यांचे अनुकरण करण्याची आपल्याकडे मोठी हौस आहे. जर्मनीत १८८४ साली बिस्मार्कच्या काळात अपघात विम्याचा कायदा झाला. तेथे या विम्याची सारी वर्गणी मालकांकडून घेतली जाते आणि ती उद्योगाच्या धोक्यानुसार ठरते. जर्मन यंत्रे आयात करताना ही रीत मात्र आयात करावी, असे आपल्या उद्योग संघटनांना कधी वाटले नाही.

जेथे विमा योजना लागू नाही, तेथे आणखी एक पळवाट आहे. कामगाराने जाणूनबुजून संरक्षक साधन काढले असेल, तर मृत्यू आणि कायमचे संपूर्ण अपंगत्व यांखेरीज इतर इजांमध्ये मालक भरपाई नाकारू शकतो. जाळी सुपरवायझरच्या तोंडी हुकमाने निघते, पण कागदावर ती कामगाराने काढलेली असते. दिवसाला अमुक इतके जॉब निघालेच पाहिजेत, असा फळ्यावर लिहिलेला आकडा हा हुकूम नव्हे काय? त्या आकड्यावर कोणाची सही नसते, एवढेच.

बिल अखेर जाते कोठे? ते जाते मराठवाड्यातील किंवा विदर्भातील एखाद्या कोरडवाहू शेताच्या बांधावर. बोटे गेलेल्या कामगाराला पुन्हा प्रेसवर कोणी उभे करत नाही. तो गावी परततो. बैल जुंपणे, विळा धरणे, पाण्याचा पंप सुरू करणे या साऱ्या गोष्टी बोटांनीच करायच्या असतात. म्हातारा बाप पुन्हा औत धरतो, बहिणीचे लग्न लांबते, धाकट्याचे शिक्षण थांबते. ताळेबंदातून गायब झालेला खर्च असा एका कुटुंबाच्या संसारात जमा होतो. त्याचे लेखापरीक्षण कोणीच करत नाही.

दोन्ही टोकांचे अपयश

या प्रश्नावर लाल झेंड्याने काय केले? कामगाराला मालकाविरुद्ध उभे करण्यात त्यांची सारी शक्ती खर्च झाली. वर्गसंघर्षाच्या पोथीत मालक हा शत्रू, आणि शत्रूशी सुरक्षिततेच्या समितीत बसून जाळीच्या खिळ्याविषयी चर्चा कशी करणार? १९८२ चा गिरणी संप अखेरीस गिरणगावाच्या मुळावर आला आणि नेत्यांच्या इतिहासात मात्र तो क्रांती म्हणून नोंदला गेला. संघटनांची ताकद कायम कामगारांच्या वेतनवाढीच्या करारांपुरती उरली; कंत्राटी तरुण त्यांच्या मोर्चातही नव्हता आणि करारातही नव्हता. स्पष्ट बोलायचे तर राष्ट्रीय विचारांच्या कार्यकर्त्यांनाही या तरुणापर्यंत पोहोचायला उशीरच झाला आहे.

दुसरे टोक भांडवलशाहीचे. तिच्या लेखी माणूस हे एक ‘संसाधन’ असते. कोळसा, वीज, पोलाद आणि माणूस. संसाधन झिजले की बदलायचे.

श्रद्धेय दत्तोपंत ठेंगडी यांनी २३ जुलै १९५५ रोजी भोपाळमध्ये भारतीय मजदूर संघाची स्थापना केली, ती या दोन्ही टोकांना नाकारून. श्रम हेही भांडवलाचेच एक रूप आहे, घाम गाळणाऱ्याचाही उद्योगावर हक्क आहे, ही त्यांची मांडणी होती. उद्योग हा एक परिवार, असे मजदूर संघाने मानले. आज अनेक कारखानदार वार्षिक स्नेहसंमेलनात ‘आपण सारे एक परिवार’ असे भाषण करतात, तेव्हा ते दत्तोपंतांचाच शब्द उसना घेत असतात. परंतु परिवारात मुलाचे बोट तुटले, तर बाप त्याच्या जन्माची तारीख बदलत नाही. परिवार हा शब्द वापरायचा असेल, तर परिवाराची जबाबदारीही उचलावी लागेल.

परंपरा काय सांगते?

कामगाराची काळजी ही इंग्रज सरकारची किंवा जिनिव्हाच्या कामगार परिषदेची देणगी आहे, असा समज आपल्याकडे पाठ्यपुस्तकांनी रुजवला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, पाचव्या अधिकरणात, काम करताना मृत्यू आलेल्या राजसेवकाच्या पत्नी-मुलांना वेतन आणि अन्न मिळावे, अशी व्यवस्था सांगितलेली आहे. ती राज्याच्या सेवकांपुरती होती हे खरे. पण काम घेणाऱ्याचे दायित्व काम करणाऱ्याच्या मृत्यूनेही संपत नाही, हे तत्त्व या भूमीत तेव्हाही ठाऊक होते.

अगदी अलीकडचे उदाहरण नागपूरचे. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये तेथे एम्प्रेस मिल सुरू केली. १८८६ मध्ये त्यांनी कामगारांसाठी निवृत्तिवेतन निधी उभारला आणि १८९५ पासून अपघाताची भरपाई देण्यास प्रारंभ केला. भारतात नुकसानभरपाईचा कायदा झाला १९२३ मध्ये आणि अमलात आला १९२४ च्या जुलैत. म्हणजे कायदा होण्यापूर्वी २८ वर्षे एक भारतीय उद्योजक, परकीय राजवटीत, कोणत्याही निरीक्षकाच्या धाकाविना, हा खर्च स्वतःहून करत होता. जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात आठ तासांचा दिवस १९१२ मध्ये आला आणि अपघात भरपाईची योजना १९२० मध्ये. या खर्चाने टाटांचे दिवाळे वाजले नाही. किर्लोस्करवाडीच्या माळरानावर लक्ष्मणरावांनी १९१० साली कारखान्याबरोबर वसाहत उभी केली, तीही परवडते की नाही याचा हिशेब मांडणाऱ्या सल्लागाराला विचारून नव्हे.

लहान उद्योजकाची व्यथा

येथे न्याय म्हणून दुसरी बाजूही मांडली पाहिजे. वीस-पंचवीस कामगारांची शेड चालवणारा मराठी उद्योजक हा काही राक्षस नव्हे. पुष्कळदा तो स्वतः कधीकाळी यंत्रावर उभा राहिलेला असतो. घर गहाण ठेवून त्याने प्रेस घेतलेली असते. मोठी वाहन कंपनी दरवर्षी सुट्या भागांचे दर कमी करून मागते, बिलाचे पैसे महिनोन्महिने अडकवते आणि माल एक दिवस उशिरा पोहोचला तर दंड लावते. दरातली ही कपात तो पोलादाच्या भावात काढू शकत नाही, विजेच्या बिलात काढू शकत नाही. ती निघते जाळीतून, पाळीच्या लांबीतून आणि विम्याच्या वर्गणीतून. मोठ्या कंपनीच्या स्वतःच्या कारखान्यात हेल्मेट, पिवळ्या रेषा आणि सुरक्षेचे फलक असतात. तिच्या गाडीतला कंस ज्या शेडमध्ये तयार झाला, तेथे काय घडते ते तिच्या खरेदी विभागाला पाहायचे नसते. म्हणूनच दोषाचा मोठा वाटा साखळीच्या वरच्या टोकाकडे जातो. भागाचा दर्जा तपासण्यासाठी ज्यांचे निरीक्षक शेडपर्यंत पोहोचतात, त्यांना तेथील जाळी दिसत नाही, हे कोणी मानायचे?

संहिता आल्या, पुढे काय?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रम संहिता लागू झाल्या. प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र, मुदतबंद कामगाराला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी, भत्त्यांच्या आड मूळ वेतन लपवण्यास आळा, घर ते कारखाना या प्रवासातील अपघाताचाही समावेश ही पावले निःसंशय स्वागतार्ह आहेत. नियुक्तिपत्राची सक्ती खरोखर अमलात आली, तर उशिरा नोंदणीच्या युक्तीचा कणाच मोडेल. सामाजिक सुरक्षा व वेतन या संहितांचे स्वागत करणाऱ्या मजदूर संघाने औद्योगिक संबंध आणि व्यावसायिक सुरक्षा या संहितांतील काही तरतुदींवर आक्षेपही नोंदवले आहेत, आणि ते दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. विजेवर चालणाऱ्या कारखान्याच्या व्याख्येत पूर्वी १० कामगार पुरत, आता २० लागतात. कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदी पूर्वी २० कामगारांना लागू होत, आता ५० ची अट आहे. साखळीच्या खालच्या पायरीवरील लहान शेडच या फटीतून निसटतील. एप्रिल २००१ मध्ये केंद्रात मित्रांचे सरकार असतानाही दत्तोपंतांनी रामलीला मैदानावरून कामगारांच्या बाजूने खडे बोल सुनावले होते. सत्य सांगताना आपला-परका पाहायचा नसतो, हाच त्याचा अर्थ.

डिसेंबर २०२५ च्या तिमाहीत अनेक मोठ्या कंपन्यांना ग्रॅच्युइटीसाठी जादा तरतूद करावी लागली, तेव्हा अर्थविषयक पानांवर ‘बोजा’ हा शब्द झळकला. पण जे देणे होते, ते आजवर वेतनाच्या रचनेत दडवले गेले होते. दडवलेले देणे उघड झाले, याला बोजा म्हणत नाहीत, याला हिशेब म्हणतात.

करण्याजोग्या गोष्टी मोजक्याच आहेत. विम्याची वर्गणी कारखान्याच्या अपघातांच्या नोंदीशी जोडावी. जो सांभाळतो त्याला सवलत, जो हयगय करतो त्याला अधिभार. अपघाताच्या दिवशीच ज्याची नोंदणी झाली, अशा प्रत्येक कामगाराच्या प्रकरणात भरपाईची रक्कम मालकाकडून वसूल व्हावी. मोठ्या कंपन्यांनी आपल्या पुरवठादारांकडील इजांचे आकडे दरवर्षी अहवालात छापावेत. विमा योजनेची वेतनमर्यादा २०१७ मध्ये २१,००० रुपये झाली आणि २०२५ अखेरपर्यंत तिला कोणी हात लावला नाही. महागाईने वेतन वाढले की कामगार योजनेबाहेर फेकला जातो, हे थांबवावे. आणि जखमी कामगार ज्या विमा रुग्णालयात पोहोचतो, तेथे हाताची शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर असावा. तुटलेले बोट पुन्हा जोडता येते, पण त्यासाठी अवधी काही तासांचाच असतो.

कायद्याच्या आधी मात्र समाजाचे काम आहे. या साप्ताहिकाच्या वाचककुटुंबांत कोणाचा भाऊ कारखानदार आहे, कोणाचा मुलगा एखाद्या कंपनीत मनुष्यबळ विभाग सांभाळतो, कोणी समभाग बाळगून आहे, कोणी पुढील महिन्यात नवी गाडी घेणार आहे. औद्योगिक वसाहतीच्या कडेला सायंशाखा लावणाऱ्या स्वयंसेवकाला त्याच वस्तीत भाड्याच्या खोलीत दाटीने राहणारे तरुण रोज दिसतात. त्यांच्यापैकी किती जणांकडे विम्याचे कार्ड आहे, एवढी चौकशी करायला कोणत्याही संहितेची परवानगी लागत नाही.

पुढच्या खंडेनवमीला पुन्हा झेंडूच्या माळा येतील, नारळ फुटतील. त्या दिवशी प्रेसला हार घालण्यापूर्वी यजमानाने तिच्या तोंडाशी जाळी आहे का, दोन्ही बटणे मोकळी आहेत का, हे पाहावे. आणि पूजेला उभ्या असलेल्या प्रत्येक कामगाराचे नाव हजेरीपटावर आहे का, हेही विचारावे. विश्वकर्मा हा हातांनी घडवणाऱ्यांचा देव आहे. त्याच्यापुढे जोडलेले हात अखंड असले पाहिजेत.